कृष्णाबाई हंप

मळमड्डी, धारवाड
नोव्हेंबर २००२

प्रिय संजीव,

तुझं पत्र येऊन पंधरवडा उलटला. 'आईच्या शेजारी तू आहेस म्हणून मी पुण्यात निर्धास्त झोपतो,' हे वाक्य वाचलं आणि पत्र घडी करून ठेवून दिलं. बायकोनं दोनदा विचारलं, संजीवभावोजींना उत्तर लिहिलंत का? लिहितो, लिहितो म्हणत टाळलं. आता टाळणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा होईल, म्हणून बसलोय.

आपल्या गल्लीत गाड्यांचा वेग कमी करायचा प्रयोग झाला, हे तुझ्या आईनं, काकूंनी, कळवलं असेलच. उन्हाळ्यात दूध आणायला जाताना काकूंना एका पोराच्या लूनाची धडक बसून मनगट मोडलं. दुसरं कुणी असतं तर त्या पोराला चार शिव्या घालून गप्प बसलं असतं. काकूंनी डाव्या हातानं पालिकेला अर्ज लिहिला. तोही गणिताच्या बाईंना शोभेल असा. वळण कुठे, उतार कुठे, शाळा सुटताना काय होतं, सगळं मुद्देसूद. आणि आश्चर्य म्हणजे पालिकेनं ऐकलं! रस्त्यावर तीन हंप, म्हणजे तुमच्या पुण्याचे स्पीडब्रेकर, घातले. एक शाळेपाशी, एक पिठाच्या गिरणीपाशी आणि एक तुमच्या दारासमोर. तीन महिने बघायचं आणि मग लोकांना विचारून ठेवायचे की काढायचे ते ठरवायचं. गल्लीच्या वतीनं आढावा घ्यायला मला नेमलं. बँकेतला माणूस, कन्नड-मराठी दोन्ही लिहितो, म्हणून.

खरं सांगतो, हंपांनी काम चोख केलं. मुलं रस्त्यावर सायकल शिकायला लागली. कॉलेजची पोरं मोटारसायकली दुसऱ्या रस्त्यानं न्यायला लागली. पण माणसाला स्वतःच्या कंबरेपुढे दुसऱ्याचा जीव दिसत नाही. गोपाळ दूधवाल्याचं दूध हिंदकळायचं, कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांचा मणका दुखायचा आणि माझी स्कूटर तर रोज संध्याकाळी नेमकी तुमच्या दारासमोर बंद पडायची. मी चरफडत किक मारायचो. काकू खिडकीतून विचारायच्या, "दत्तू, लागलं नाही ना रे?"

माझ्या जिभेला हाड नाही हे तुला वेगळं सांगायला नको. चौथीत तुला 'उप्पिट' म्हणायला लागलो, ते मॅट्रिकपर्यंत तुला चिकटलं. इंजिनिअर पाहणीला आला तेव्हा कट्ट्यावर दहाबारा जण होते. कागदावर हंपांना नावं घालायची होती. शाळा हंप, गिरणी हंप, आणि हा तिसरा? मी काकूंचंच नाव ठोकून दिलं, कृष्णाबाई हंप! सगळे खो खो हसले. इंजिनिअरही हसला आणि त्यानं तेच लिहून घेतलं. घरी येऊन मी बायकोलाही मोठ्या ऐटीत तो विनोद सांगितला. ती हसली नाही.

आठवडाभरात रिक्षावाल्यांनी ते उचललं. 'कृष्णाबाई हंप हत्तर इळस्री', तिथे उतरवा, असं लोक सर्रास म्हणायला लागले. स्कूटरवरचा माणूस उडाला की कृष्णाबाईंचा उद्धार. पोरं तर सायकल उडवताना त्या नावानं आरोळी ठोकायची. ज्या बाईंना अर्धी गल्ली अजून उभं राहून नमस्कार करते, त्यांचं नाव दिवसभर चाकांखाली येत होतं. मी ते ऐकत होतो. एकदाही कुणाला गप्प केलं नाही.

गेल्या आठवड्यात गणपतीच्या देवळात आढाव्याची बैठक झाली. हंप ठेवा असं म्हणायचं, निदान तेवढं तरी करायचं, असं मनाशी ठरवून गेलो होतो. पण इंजिनिअरनं 'कृष्णाबाई हंप' असं मोठ्यानं वाचलं, लोक पुन्हा हसले आणि काकू मागच्या रांगेतून उठल्या. वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. शांतपणे त्याला म्हणाल्या, "तगदबिडप्पा, साकु." काढून टाक बाबा, पुरे झालं. ज्यांनी मागितले त्याच काढा म्हणाल्यावर कोण कशाला बोलतोय? तिन्ही काढायचे ठरले. मी खाली मान घालून सही केली.

परवा हंप उखडले. नाव तसंच आहे, रिक्षावाले अजून तेच म्हणतात. काल सकाळी काकू देवळापाशीच रिक्षातून उतरून, दोन पिशव्या घेऊन चालत येताना दिसल्या. मी धावत जाऊन पिशव्या घेतल्या. रिक्षा दारापर्यंत का नाही आणली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तो विचारतो ना रे, कुठं सोडू म्हणून. काय सांगू?" संजीव, तुझ्या आईला स्वतःच्या घराचा पत्ता सांगायची चोरी झाली आहे, आणि ती माझ्यामुळे. संध्याकाळी माफी मागायला गेलो तर त्यांनी चहा ठेवला, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली आणि मला बोलूच दिलं नाही. निघताना म्हणाल्या, रविवारचं पुण्याचं तिकीट काढून दे. गुडघे दुखतात, एकटीनं जमत नाही, असं त्या तुला सांगतील. त्यावर विश्वास ठेवू नकोस आणि माझे आभार तर मुळीच मानू नकोस. तिकीट मी आज काढलंय, फक्त जाण्याचं. परतीचंही काढू का, एवढं विचारायला माझं तोंड उघडलं नाही. तू विचार.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझाच
दत्ता