अकरा कात्र्या आणि पूर्वेकडचा स्लॅब

मी, शिवराज बद्रीनाथ औताडे, वय एकसष्ट, मूळ देवगाव रंगारी, हल्ली सिडको, पाटबंधारे खात्यातला जुना अभियंता व एका विद्यापीठाचा माजी कुलगुरू, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. बुद्धी स्थिर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. सात वर्षांपूर्वी ती कुठं होती, हे त्यांनी विचारलं नाही.

१. राहतं घर पत्नी द्वारकाबाई हिला. तिला न विचारता भिंतीत खिळाही ठोकू नये. मी कधी ठोकला नाही.

२. सत्काराच्या एकशे बारा शाली पाचोडच्या मुंजाबा मेंढपाळाला दाखवल्या. एक शाल दोन बोटांत धरून तो म्हणाला, "सायेब, यानं तर कोकराची बी थंडी जायची नाय." सबब त्या गाडी पुसायला घ्याव्यात.

३. फिती कापलेल्या अकरा कात्र्या माजी कुलसचिव सर्जेराव यांना. तारीख ठरली की इमारत आपोआप पक्की होते, हे शास्त्र त्यांचं.

४. काँक्रीट तपासायचा हातोडा मुलगी तनुजा हिला. ती पुलांची कामं पाहते. या हातोड्यानं मी बावीस वर्षं कालवे नापास केले, ठेकेदारांच्या शिव्या खाल्ल्या आणि सुखानं झोपलो. कुलगुरूची खुर्ची मिळाली, तसा तो कपाटात गेला.

५. टेबलावरचा काँक्रीटचा ठोकळा विद्यापीठाला. मुलींच्या वसतिगृहाचा पूर्वेकडचा स्लॅब ओतताना त्याच मालाचे ठोकळे चाचणीसाठी काढले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेतले रामप्रसाद केबिनमध्ये आले. "साहेब, हे तर बिस्किटावानी फुटायलेत."

स्लॅब पाडला तर उद्घाटन हुकत होतं. मी म्हणालो, "ठेकेदाराकडं चांगले ठोकळे तयार असतात. ते यंत्रात दाबा."

"पण ते या स्लॅबचे नाहीत ना, साहेब."

"मला माहीत आहे."

उरलेला एक ठोकळा त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "हा तरी राहू द्या इथं." सात वर्षं मी त्याखाली कागद दाबले.

गेल्या आठवड्यात पुतणी संस्कृती पेढे घेऊन आली. "काका, तुमच्याच हॉस्टेलात खोली भेटली! पूर्वेकडं, तिसरा मजला." पेढा तोंडातच फिरत राहिला. इतकी वर्षं तिथं लोकांच्या शेकडो लेकी निजल्या. मला घाम फुटला तो घरची पोर निघाली तेव्हा. या गोष्टीची जी किळस येते ती कोणाच्या नावे करता येत नाही. ती माझ्याकडेच राहील.

६. माझं नाव कोणत्याही इमारतीला देऊ नये. वसतिगृहाच्या कोनशिलेवर आहे, ते छिन्नीनं काढावं.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. स्लॅब तोवर थांबेल, असं अभियंता म्हणून मी लिहून देणार नाही. म्हणून कलम चार आणि पाच आजच अमलात येतील. सही झाली की ठोकळा आणि लेखी कबुली घेऊन मी विद्यापीठात जातो. तनुजा हातोडा घेऊन बाहेर उभी आहे. पूर्वेकडच्या खोल्या रिकाम्या होईपर्यंत मी वसतिगृहाच्या पायरीवरून उठणार नाही. पुढं चौकशी होईल ती होवो.

(सही) शिवराज बद्रीनाथ औताडे

साक्षीदार:
१. मनकर्णाबाई गोर्डे, शेजारी.
२. रामप्रसाद बनकर, निवृत्त प्रयोगशाळा सहायक. यांनी आधी ठोकळा उचलून, उलटा करून, स्वतःच्या हातची खूण पाहिली. मगच सही केली.

छत्रपती संभाजीनगर, १४ जुलै २०२५