बाटली का पाठवली नाही

सुवा, शनिवार दुपार

परमपूज्य, मधुरप्रिय आणि हल्ली कुणाचंच न ऐकणारे आमचे ज्येष्ठ बंधू रामअधार भैया यांना धाकट्या शिवपूजनचा दोन्ही हात जोडून साष्टांग दंडवत. (हात जोडून साष्टांग घालता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण पत्रात सगळं चालतं.) भौजींना राम-राम. इकडे पाऊस नेहमीचाच, आणि छप्पर गळतं तेही नेहमीच्याच जागी. तुमचं क्षेमकुशल विचारणार होतो, पण भौजींनी ते परवा फोनवर न विचारताच सांगितलं. डाव्या पायाचा अंगठा काळा पडलाय, जखम बुजत नाही, आणि तुम्ही इन्सुलिनची सुई बंद करून बसला आहात. कारण काय, तर रेडिओवर आमच्या डॉक्टर मुनसामींनी सांगितलं की एका पाल्याच्या अर्काने उंदरांची साखर उतरली. तेव्हापासून तुम्ही परसातला कुठलासा पाला तोच समजून उकळून पिता, आणि शिवपूजन खऱ्या अर्काची बाटली पाठवीपर्यंत इस्पितळाची पायरी चढणार नाही असं तुम्ही सगळ्या आळीला ऐकवलंय.

यावर मी फोनवरच बोललो असतो. पण मनाविरुद्ध काही कानावर आलं की तुम्ही "आवाज कटतोय, आवाज कटतोय" म्हणत फोन ठेवता. पत्राचं तसं नाही. तुमच्या डोळ्यांपुढे धुकं धरल्यापासून पत्रं भौजी वाचून दाखवतात, आणि भौजींचा आवाज कटलेला तुमच्या लंबासा गावात आजवर कुणी ऐकलेला नाही.

तुमचा आरोप असा, की हा पंडित उंदरांना औषध पाजतो आणि सख्ख्या भावाला एक बाटली देत नाही. आरोप अक्षरशः खरा आहे. म्हणून मी इथे नेमकं काय करतो ते एकदा सविस्तर सांगतो. मला प्रयोगशाळेत घेतलं ते जुन्या वैद्यकग्रंथांतून प्रमेहावरची झाडं शोधून काढायला. मी मोठ्या उत्साहाने पुष्कळ झाडं शोधून काढली. मग लक्षात आलं, की त्यांतली बहुतेक फिजीत उगवतच नाहीत, आणि उगवतात त्यांना इथे वेगळंच नाव आहे. पण ठेवून घेतलेला पंडित परत पाठवायचा कसा? तेव्हा मला उंदरांचं वजन करायला बसवलं. व्याकरणशास्त्राची इतकी वर्षं उपासना केल्यावर मी आता रोज सकाळी मूषकयोनीतल्या जीवांना शेपटीला धरून तराजूत ठेवतो. ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघतो. दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो.

उंदीर पांढरे, गुबगुबीत आणि निरोगी येतात. त्यांना मधुमेह नसतो. तो आपण द्यायचा असतो. एक सुई टोचली की पोटातलं जे इंद्रिय साखर आवरतं ते निकामी होतं. (देवाने तुम्हाला हा रोग द्यायला साठ वर्षं घेतली, भैया. आम्ही दोन दिवसांत देतो.) मग ते पाणी-पाणी करतात, पिंजरा ओला करतात आणि आतून झिजत जातात. निम्म्यांच्या घशात रोज नळी घालून पाल्याचा अर्क ओततात, निम्म्यांच्या घशात नुसतं पाणी. ठरलेल्या दिवशी सगळ्यांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि कुणाची साखर किती ते बघायचं. शेवटी सगळ्यांनाच मारून, चिरून आत काय झालं ते पाहायचं. अर्क लागू पडला तरी मरण, नाही पडला तरी मरण. मी वजन करताना त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो. मुनसामींनी एकदा विचारलं, "पंडितजी, काय सांगता त्यांना?" म्हटलं, माणसांच्या कानात जे शेवटी सांगतात तेच, यांना थोडं आधी सांगतो.

पाला आमच्या पिंजराघरात उंदरांची देखभाल करणाऱ्या वासितीच्या गावचा. तिच्या मामांपुढे रिवाजाप्रमाणे यांगोनाची मुळी ठेवून, मांडी घालून, तिचं गुंगी आणणारं पाणी कपावर कप पिऊन आम्ही तो मागून आणला. माझी जीभ संध्याकाळपर्यंत लाकडाची झाली होती. आणि काय सांगू, पहिल्याच खेपेला चमत्कार! पाणी प्यायलेल्या उंदरांची साखर आकाशाला भिडलेली, आणि पाला प्यायलेल्यांची त्याच्या निम्म्यानेही नाही. मुनसामी भला माणूस, पण त्यांच्या आईचे दोन्ही पाय या रोगात गेले. ते आकडे बघून ते तिथेच खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले. दुसऱ्या दिवशी रेडिओवाल्यांनी बोलावलं, आणि ते गेले. त्यांचा त्यात लोभ नव्हता. पण ज्या देशात दर घरात एक चप्पल बिनजोडीची पडून आहे, तिथे त्या दिवशी प्रत्येकाने कान टवकारले. तुमचे कान त्यांत सर्वांत पुढे.

त्यानंतर दुसरी खेप झाली, आणि तीही तशीच चमत्कारिक. मग एकदा रक्त घ्यायच्या दिवशी मला बस लवकर मिळाली. पिंजराघरात शिरतो तर वासिती बादली उपडी घालून बसलेली, मांडीवर उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा डबा, हातात चहा, आणि जाळीतून एकेका उंदराला कसाव्याचा तुकडा देणं चाललेलं.

"अगं बाई, हे काय?"

"या पंडितजी, या, खायला बसा."

"मला नाही, त्यांना काय देतेस? ते उपाशी राहायला हवेत ना आज?"

"तेच तर! रात्रभर उपाशी आहेत बिचारे. आणि मी त्यांच्यासमोर एकटी खाऊ? रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा 'ये, जेव' म्हटल्याशिवाय आम्ही घास उचलत नाही."

"वासिती, ते उंदीर आहेत."

"मग? आपणहून आलेत का? आपणच बोलावून आणलंय त्यांना."

मी पाला पिणाऱ्यांच्या पिंजऱ्यांकडे बोट केलं. तिथे तुकडे जसेच्या तसे पडलेले.

"त्यांनाही देते हो. मी भेदभाव नाही करत. पण ते तोंड फिरवतात. त्या कडू पाल्याने त्यांची अन्नावरची वासनाच गेलीय. त्यांना आता कसलं सुख, पंडितजी."

भैया, कळलं ना काय झालं होतं? पाणीवाल्यांनी सकाळी सकाळी पोटभर कसावा खाल्ला, म्हणून त्यांची साखर चढली. पालावाल्यांनी काही खाल्लंच नाही, म्हणून त्यांची उतरलेली दिसली. ज्या चमत्कारावर तुम्ही सुई सोडलीत, तो सगळा वासितीच्या आदरातिथ्याचा होता. पाल्याने केलं ते एवढंच, की त्यांना जेवू दिलं नाही.

मुनसामींना सांगितलं. वाटलं, वासितीवर ओरडतील. ते म्हणाले, "माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं." मग पिंजराघराला कुलूप लावून त्यांनी सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. वासिती आता अंगणात बसून जेवते आणि मांजरांना बोलावते. या खेपेला पालावाल्या उंदरांची साखर पाणीवाल्यांइतकीच निघाली. मग ते वाळत गेले, आणि आम्ही मारायच्या आधीच एकामागून एक मेले. मुनसामींनी चिरले तेव्हा मी शेजारी ताटली धरून उभा होतो. यकृत जुन्या स्पंजासारखं झालेलं, जागोजाग पिवळे ठिपके. मेलेल्याची साखर मात्र चढत नाही, हे कबूल केलं पाहिजे. पाल्याचा तेवढा एक गुण सिद्ध झाला. मुनसामी हे सांगायला पुन्हा रेडिओवर गेले होते. "जागा झाली की कळवू," रेडिओवाले म्हणाले. सणाच्या जाहिराती आहेत, त्यांत मेलेले उंदीर कुठे बसवणार?

आपल्या आज्याला जहाजात घालून इथे ऊस कापायला आणलं, बाबूजींनी बैलगाडीवर ऊस ओढला, आणि तुम्ही जन्मभर लॉरीतून तो मिलमध्ये पोचवलात. तीन पिढ्यांनी जगाला साखर पाठवली. थोडी आपल्याकडेच राहिली, यात नवल नाही. तुम्ही चहात चार चमचे घेता, वर गुलगुले, आणि पूजेला गेलात की परसाद दोनदा घेता, याबद्दल मी आजवर कधी बोललो नाही. (बोललो असेन. पण संस्कृतात बोललो असेन.) बाटली मात्र मी पाठवत नाही. परसातला पाला ओतून द्या, आणि आज संध्याकाळपासून सुई पुन्हा सुरू करा. उंदराला निवड नसते, त्याला शेपटीला धरून आणतात. तुम्हाला तशी शेपटी नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहावं लागलं.

भौजींना पुन्हा राम-राम. मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून)
शिवपूजन

ता. क. मूळ काम सांगायचं राहिलंच. लंबासाच्या इस्पितळातल्या सर्जनबाईंशी मुनसामी स्वतः बोललेत. मंगळवारी सकाळी त्यांनी तुम्हाला बोलावलंय. अंगठा काढतील. अंगठ्याशिवाय लॉरी चालवता येत नाही, पण डोळ्यांतल्या धुक्यामुळे तुम्हाला ती आताही चालवता येत नाही, तेव्हा तक्रार नको. हे पत्र आजच्या विमानाने लंबासाला येणाऱ्या एकाच्या हाती देतोय, संध्याकाळी मिळेल; मी उद्याच्या बोटीने निघतोय. सोमवारी पोचेन आणि मंगळवारी तुमच्या बाजूला बसेन. हवं तर माझा हात धरून शिव्या द्या.

आणखी एक. भौजी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका; फोनवर सांगितलं असतं तर त्यांनी शेजारून ऐकलं असतं. तुम्ही फोनवर पाठवलेला पायाचा फोटो मी मुनसामींना दाखवला. ते म्हणाले, अंगठ्यावर भागणार नाही. गुडघ्याखालून जाईल, आणि तेही वेळेत नेलं तर. मी वर अंगठाच लिहिलंय, कारण अंगठ्यासाठी ते घराबाहेर पडतील, पायासाठी पडणार नाहीत. तुम्ही परवा म्हणालात की खोलीत उदबत्ती लावून ठेवावी लागते. भौजी, तो वास पायाचा असेल, किंवा त्यांना ताप असेल, तर मंगळवारची आणि माझी वाट बघू नका. पत्र खाली ठेवा, शेजारच्या हनीफला गाडी काढायला सांगा, आणि आत्ता निघा. "का गं, वाचता वाचता थांबलीस?" असं ते विचारतील. सांगा, तुमच्या भावाने पुन्हा संस्कृत लिहिलंय.