चोरचोळी

कुंडल,
१२ जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप मामांना शालनचा वाकून नमस्कार.

इकडं सगळी खुशाल. उसाला तोड आली आहे. ह्यांचं पलटणीतून पत्र आलं, तिकडं थंडी लय आहे म्हणतात. मामींचे गुडघे कसे आहेत? पत्रास कारण की, आत्याबाईंनी तुम्हांला बोलावलं आहे. "आई न्हाई पोरीला, मामाचं घर हेच म्हायेर. येत्या शुक्रवारी चोरचोळी घिऊन या म्हणावं, हिरवीच पायजे." तिसऱ्या महिन्यात माहेरानं गुपचूप चोळी द्यायची असते, हे तुम्हांला मी काय सांगायचं.

इथवर आत्याबाईंना वाचून दाखवलं. खूश होऊन त्या गोठ्यात गेल्या. पुढचं तुमच्या एकट्यासाठी.

मामा, मला दिवस गेलेले नाहीत. जाणारही नाहीत.

लग्न झाल्यापासून दर महिन्याला मी खोटंखोटं कडेला बसते. सोप्यात वेगळी घोंगडी, वेगळं ताट, देवाला शिवायचं नाही, सगळं साग्रसंगीत. पाळी तर लग्नाआधी किडनीच्या दुखण्यात तुम्ही दिलेल्या इंजेक्शनांनंतर परत आलीच नाही. पण दसऱ्याला हे सुट्टीवर आले आणि मला त्यांच्यापासून लांब बसवेना. बसलेच नाही. हे परत गेले आणि आत्याबाईंनी बोटं मोजली. आता घागर उचलू देत नाहीत, आंबट काय खाणार म्हणून विचारतात. ह्यांनी तर पत्रात पोराचं नावसुद्धा सुचवलंय. मी नुसती मान डोलवते. आता कडेला बसले तर पोर पडलं म्हणतील, न बसले तर पोट दिसायला पाहिजे. मला लय भीती वाटते.

चष्म्याच्या निमित्तानं श्रावणात सांगलीला गेले होते, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. थंडीतसुद्धा अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, ते सांगितलं. त्यांनी तपासण्या करून घेतल्या. म्हणाल्या, किडनीसाठी दिलेल्या त्या इंजेक्शनांनी बीजकोश जळाले. असं होऊ शकतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं, पुस्तकात असतं. पण जीव वाचवायच्या गडबडीत पोरीला कुणी विचारत नाही. "तुला आधी कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं, पण भलतंच. तुम्ही म्हणाला होता, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा, येईल पाळी. पोतंभर खाल्ले असतील. आणि त्याच भरवशावर तुम्ही माझं लग्न लावून दिलंत.

तुमच्यामुळं मी जिवंत आहे, ते विसरले नाही. इंजेक्शनं घेतलीच असती. पण मामा, तुम्हांला ठाऊक होतं का? ठाऊक नसेल तर डॉक्टर कसले, आणि ठाऊक असेल तर मामा कसले? लय राग आलाय तुमचा.

शुक्रवारी याच. चोळी आणली नाहीत तरी चालेल. आत्याबाईंना समोर बसवा आणि इंजेक्शनं कुणी दिली, त्यानं काय झालं, ते तुमच्या तोंडानं सांगा. ह्यांनाही तुम्हीच लिहा. मी सांगितलं तर वांझ ठरेन. तुम्ही सांगितलंत तर निदान आजारी ठरेन.

आत्याबाई हाक मारतायत. चिंच काढून ठेवलीय म्हणे.

तुमची पेशंट,
शालन