नऊ चौदाची ठिणगी

३ मार्च
रुजू झालो एकदाचा! टेकडीवर पांढरा घुमट, घुमटात दुर्बीण, खाली माझी खोली. सूर्यावरचे छोटे उद्रेक टिपायचं काम. इथे त्यांना ठिणग्या म्हणतात. दोन-चार मिनिटांत पेटून विझतात, नजर हलली की गेल्याच. दुर्बिणीच्या तोंडावर उजेड अडवणारी काळी काच बसवल्याशिवाय डोळा लावायचा नाही, असं साहेबांनी तीनदा बजावलं. सकाळी इथल्या जुन्या निरीक्षक बाई बघतात, दुपारी मी. बाई वीस वर्षं हंगामीच आहेत. या वर्षी आमच्यापैकी एकच जण कायम होणार.

९ मार्च
आठवड्यात बाईंच्या वहीत एकतीस ठिणग्या, माझ्या चार! सकाळची हवा शांत असते. दुपारी तापलेल्या हवेत सूर्य नुसता थरथरतो, तिथे मी काय दिवे लावणार? साहेब जेवतानाही बाईंचंच कौतुक करतात आणि मी ताट अर्धं टाकून उठतो. हो, जळतो मी त्यांच्यावर. कुणाला सांगता येत नाही ते इथे लिहायला काय हरकत आहे?

१५ मार्च
बाईंची वही दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रांशी ताडून पाहिली. त्यांची प्रत्येक नोंद ठिणगी पेटण्याच्या आधीची आहे. विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, तरुणपणी एकदा काच न लावता पाहिलं. डावा डोळा गेला, पण तेव्हापासून त्याच डोळ्याला उद्याचं दिसतं. थापा, दुसरं काय! तरी दिवसभर मला त्या गेलेल्या डोळ्याचा हेवा वाटत राहिला.

१७ मार्च
संध्याकाळी काच काढून खिशात घातली. उद्या सकाळी बाई उरलेला डोळा लावतील. परत बसवायला मात्र जात नाही.

१८ मार्च, ८.५०
बाई आल्या नाहीत. साहेबांनी मला त्यांच्या जागी दुर्बिणीवर बसायला सांगितलं. बाईंची वही उघडली, तर आजचं पान आधीच भरलेलं. अक्षर बाईंचं. ९.१४, छोटी ठिणगी, पूर्वेची कड. निरीक्षक म्हणून माझं नाव. खाली बारीक अक्षरात — काच खिशात.

९.१०
बसवायला हवी. पण मग मला सगळ्यांना दिसतं तेवढंच दिसणार. आणि त्यांना मात्र उद्याचं—

९.१३
काच खिशातच राहू दे. एकच डोळा लावतो. डावा. उजवा आहेच की—

९.१४
दिसली! माझी, माझी ठिणगी— वहीतली ओळ सापडत नाहीये— मागे बाईंच्या चपला वाजतायत. विचारतायत, उद्याचं पान दिसलं का. दिसतंय. ९.२०, माझा उजवा डोळाही गेला. आणि निरीक्षकाच्या जागी परत बाईंचंच नाव—