हसरे सांधे आणि आतून लागलेली कडी

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (आठपैकी सहाच अंगांचा, हात आणि गुडघे आज संपावर आहेत). तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला थांबला, की अजून शेजारी त्यावर घड्याळं लावतात? आम्ही इकडे ठीक. म्हणजे आई ठीक, आणि मी सवयीप्रमाणे 'एकदम मस्त'.

मागच्या पत्रात तू विचारलंस की एवढ्या दुखण्यातही मी सतत हसत कशी असते. आत्या, मलाही ते नीट माहीत नव्हतं. गेल्या शनिवारी ते भर सभेत उघड झालं (खरं तर सभेला लागून असलेल्या संडासात), म्हणून हे लांबलचक पत्र.

संधिवात हा लोकांच्या मते साठीनंतर पेन्शनबरोबर मिळणारा आजार. मला तो तेविसाव्या वर्षीच मिळाला, पेन्शनशिवाय. डॉक्टर म्हणतात, शरीराचे पहारेकरीच घरच्यांना चोर समजून बडवतात. (मी म्हटलं, मग पहारेकरी बदला. ते हसले आणि गोळ्या वाढवल्या.) सकाळचे पहिले दोन तास माझी बोटं अशी असतात, जणू कुणीतरी सांभाळायला म्हणून माझ्याकडे ठेवून गेलंय. आणि काम कुठे, तर चष्म्याच्या दुकानात. चष्म्याचा स्क्रू तू जवळून पाहिला नसशील. मुंगीने तो उचलला तर तिलाही ओझं वाटणार नाही. मालकांना मी आजाराबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. सकाळी दुरुस्ती आली की काहीतरी विनोद करायचा, गिऱ्हाईक हसेपर्यंत चष्मा खणात सरकवायचा आणि दुपारी बोटं शुद्धीवर आली की स्क्रू बसवायचा, असं तीन वर्षं चाललं होतं.

आमच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी सांधेदुखीवाल्यांचा एक गट काढलाय, नाव 'हसरे सांधे'. त्यात सगळे साठीच्या पुढचे आणि शेंडेफळ मी, त्यामुळे सगळे मला 'बाळ' म्हणतात. बाईंनी माझे विनोद ऐकून ठरवलं की शनिवारी मी 'आजार आणि आनंद' यावर दहा मिनिटं बोलायचं. मी हुरळून अकरा कागद लिहिले. काय लिहिलं होतं ते सांगायलाही आता लाज वाटते, पण 'वेदना ही पाहुणी आहे, तिला चहा द्या आणि निरोप द्या' असं एक वाक्य त्यात होतं.

शनिवारी सकाळपासून बोटं फुगलेली. (माझी पाहुणी चहा पिऊन मुक्कामालाच राहिली होती.) भाषणाआधी एकदा जाऊन यावं म्हणून कागद आणि पिशवी खुर्चीवर ठेवून मी संडासात गेले आणि तळव्याने ढकलून कडी लावली. लागली झटकन. उघडेना. कडी जुनी, तिची मूठ हरभऱ्याएवढी, ती चिमटीत धरून ओढायची, आणि माझी चिमूट त्या दिवशी रजेवर. दहा मिनिटं मी खटपट केली. मग हाका मारल्या.

अख्खा गट दाराशी जमला. सगळ्यांच्या दुखण्यांची वर्षं मिळवली तर अडीचशे भरतील, पण कडी आतून, तिथे कोण काय करणार? व्यायामाच्या बाई शिपायाला शोधायला धावल्या. गटातल्या निवृत्त मुख्याध्यापिका मात्र स्वस्थ बसणाऱ्या नव्हेत. त्यांनी मला धीर द्यायला माझेच कागद उचलले आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. 'रोज सकाळी आरशात पाहून स्वतःशी हसा.' समोर खरोखरच आरसा होता, आत्या. त्यात घामाघूम झालेली, सुजलेल्या हातांची एक मुलगी होती आणि तिला हसू येत नव्हतं. तिसरा कागद पाहुणीच्या चहावर आला तेव्हा मी ओरडले, "पुरे करा ते. सगळं खोटं लिहिलंय मी."

मग मला थांबताच येईना. सकाळी ब्रश धरता येत नाही, वेणी आई घालते, मैत्रिणी डोंगर चढायला जातात आणि मी 'मला डोंगर आवडत नाहीत' म्हणते, हे सगळं मी बंद दाराला सांगितलं. आणि रडले, चांगली हुंदके देऊन.

"झालं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग होऊ दे. आम्हाला कुठे जायचंय?"

त्यानंतर बाहेरच रांग लागली. एक काकू म्हणाल्या, त्यांनी सुनेवर रागावून बरणी आपटली, पण सून आगाऊ म्हणून नव्हे, झाकण उघडेना म्हणून. एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या पायजम्याची नाडी बायको बांधते, आणि भांडण झालं की निरगाठ मारते. मी आत रडता रडता हसायला लागले, आणि ते हसू मला मुद्दाम आणावं लागलं नाही.

गटात एक सुतारमिस्त्री आहेत, एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत. ते दाराशी येऊन म्हणाले, "बाळ, बोटांचं काम नाही हे. चप्पल काढ. टाचेकडून कडीच्या मुठीवर आडवी मार. हळू, पण एकाच जागी."

चौथ्या फटक्याला कडी सरकली आणि दाराला कान लावून उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका अकरा कागदांसकट माझ्या अंगावर आल्या. व्यायामाच्या बाई शिपाई घेऊन परतल्या तेव्हा सगळे डोळे पुसत हसत होते. त्यांना वाटलं, भाषण छान झालं.

सोमवारी मी मालकांना खरं सांगून टाकलं, की सकाळी मला स्क्रू बसवता येत नाहीत. त्यांनी हातातली काच पुसून ठेवली. मग दुकानात कुणी नाही हे पाहून हळूच म्हणाले, "मला दोन वर्षांपासून ते दिसतच नाहीत. म्हणून तर सगळे तुझ्याकडे देतो." आता दुरुस्तीची कामं दुपारी घ्यायची असं ठरलंय, आणि मालक अखेर स्वतःचे डोळे तपासून घेणार आहेत.

काकांना नमस्कार. कंबरेला शेक घे.

तुझी लाडकी (दुसरी भाची नाही, म्हणून),
बाळ

ता. क. आईला संडासाची गोष्ट सांगितलीय, रडल्याची नाही. तूही सांगू नकोस.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. गोळ्या पुरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी आता दर आठवड्याला इंजेक्शन सांगितलंय, आणि ते मीच मला टोचायचं. मी म्हटलं, बरं झालं, गिळायचा कंटाळाच आला होता. डॉक्टर हसले, आईही हसली. मला भयंकर भीती वाटतेय. बारा तारखेला सकाळी दहाला पहिलं आहे. येशील का? आईला सांग, नवा चष्मा करायला आलेय. तिथे धीराचं काही बोलायचं नाही, नुसती शेजारी बस.

ता. क. तिसरा, पाकिटाच्या मागे. पाकीट चिकटवायला आईकडे दिलं होतं. एवढ्याशा कामाला तिला पाऊण तास लागला. तरी तू चष्म्याचंच सांग. ती विश्वास ठेवल्यासारखं करेल.