अर्धं संत्रं

रविवार, संध्याकाळ. सॉल्ट लेक.

संत्रं सोलताना आज नागपूरच्या कॉन्व्हेंटचं मैदान आठवलं. हॉकीत मैत्रीण कुसुम पास द्यायची, मी गोल करायची. मग सिस्टर एकच संत्रं सोलून आम्हाला अर्धं अर्धं द्यायच्या. "गोल दोघींचा," म्हणायच्या.

दुपारी नात रेवा तिचा पहिला करार दाखवायला आली. हॉकीच्या संघाशी, एका वर्षाचा. पगार बेताचा, वर दर गोलामागे बोनस.

"आणि पास दिला तर?"

"तर थँक्यू, आजी," ती हसली. "आता पास कमी, शॉट जास्त."

हसली खरी, पण तिचा पासच तर सगळ्यांत देखणा. तोच विसरली तर? पहिल्या कमाईच्या वेळी पैसा नको, असं तरी कसं म्हणू?

बोटांना अजून संत्र्याचा वास आहे.

म्हणून इथेच लिहून ठेवते. माझ्यामागे माझी जुनी स्टिक रेवाला. पाटल्या मात्र दोन्ही एकीला नकोत. रेवाच्या पासवर जी पहिला गोल करेल, ती कोणीही असो, एक तिला. दुसरी रेवाला. सूनबाई रागावेल. तिला संत्र्याची गोष्ट सांगावी.