जोडलेले हात आणि पडलेला उमेदवार

तीर्थस्वरूप आत्यास,

मान खाली घातलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मान आधीच खाली असल्याने फारसे कष्ट पडले नाहीत.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना एका दमात चढू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे, बाकी सगळं संपल्यात जमा.

तू चारचौघांत सांगतेस की भाचा कंप्युटरवर निवडणुका बघतो, ते तसं बरोबरच आहे. लोक मोबाइलवर काय लिहितात, कशाला पसंतीचा अंगठा देतात, हे गोळा करून कोण निवडून येणार ते आम्ही आधीच सांगतो. यंदा तुमच्या वॉर्डातले ते फर्निचरवाले उमेदवार आमचे गिऱ्हाईक होते. मी छातीठोकपणे सांगितलं, दहा हजारांनी येता. ते साडेसहा हजारांनी पडले. (फरक मोठा असणार, एवढं माझं बरोबर आलं.)

घोळ कसा झाला ते ऐक. त्यांच्या पानावर रोज पाचपन्नास लोक लिहायचे, त्यातले निम्मे ‘वा, काय रस्ते केलेत, मणके मोकळे झाले’ असले. आमच्या यंत्राने त्यातला ‘वा’ तेवढा उचलला. पण एका मंगळवारी सकाळपासून प्रत्येक मजकुरात जोडलेले हात (ते चिमुकलं चित्र) येऊ लागले, संध्याकाळपर्यंत नऊ हजार. जोडलेले हात म्हणजे पाठिंबा, हे यंत्राला मीच शिकवलं होतं. आलेख छताला लागला. मजकूर मी वाचला नाही (नऊ हजार मजकूर कोण वाचतो?), आलेख घेऊन थेट त्यांच्या घरी गेलो. दिवाणखान्यात सगळं कुटुंब गप्प बसलं होतं. मला वाटलं, माझा मान राखायला. मी आलेख भिंतीवर दाखवला आणि म्हणालो, “साहेब, मंगळवारी जे केलंत, तेच मतदानाआधी आणखी एकदा करा.”

मंगळवारी त्यांच्या सासूबाई वारल्या होत्या. सासरे तेवढे उठले आणि जावयापासून लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले.

ते हात वजा केले तर माणूस सरळ पडत होता. पण अहवाल छापून झाला होता आणि आमचे साहेब म्हणाले, राहू दे, सहानुभूती धर. मी धरली. आता तेच साहेब म्हणतात, शुक्रवारपर्यंत पराभवाची कारणं दहा पानांत दे, नाहीतर शनिवारपासून येऊ नकोस. चार दिवसांत ‘कारणे’ एवढाच मथळा झालाय. आत्या, खरं सांगतो, तीन वर्षं मी लोकांची बोटं मोजली, माणसं मला कळलीच नाहीत.

घरात थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद (माझे चालत असतील तर).

तुझा,
भाचा

ता. क. महिन्यापूर्वी तू म्हणाली होतीस, “तो पडतोय रे. दारात आला की लोक हसून बोलतात, पण बस म्हणून कुणी म्हणत नाही.” मी तेव्हा हसलो होतो. तुला आणखी जे जे दिसलं ते सगळं दहा पानं लिहून पाठव. आलेख मी जोडीन.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि शुक्रवार उलटला. पानं नकोत आता. नोकरी गेल्याचं मी मोबाइलवर लिहिलं, तर सगळ्यांत पहिला अंगठा तुझा आला. त्याचा अर्थ लावायची माझ्यात हिंमत नाही. काय ते फोन करून सांग.